खलातला बिब्बा

मी तेल करते. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. माका, जास्वंदीची पानं, कढीपत्ता, चिमूटभर मेथी. दगडी खलात ठेचायचं, खोबरेलात चरचर थांबेपर्यंत मंद कढवायचं आणि फडक्यातून गाळायचं. पालघरातल्या आमच्या आळीतल्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन येतात. एखादी विचारायचीच, याने काही होणार नाही ना? माझं उत्तर ठरलेलं, "अगं, झाडपाला आहे. झाडपाल्याने कुणाचं काय वाईट होतंय?"

आता नाही तसं म्हणत.

आमच्या दारावर दातिवऱ्याची एक मासेवाली येते. किती वर्षं झाली, मोजली नाहीत. मी रोज तिच्या पाटीतल्या माशाचे कल्ले उलटून ताजा आहे का ते बघणार, आणि ती रोज म्हणणार, "बग गो बाय बग, डॉक्टरीनच तू!" मधे बरेच महिने ती आलीच नाही. मोठं आजारपण निघालं, किमो झाली, केस सगळे गेले. परत आली ती डोक्याला घट्ट फडकं बांधून. एक दिवस पाटी उतरवली, आळीत कुणी नाही ना बघितलं आणि फडकं सोडलं. नुकत्या उगवलेल्या गवतासारखे बोटाच्या पेराएवढे केस.

"आले गो. आता तुजा तेल दे. भाच्याच्या लग्नात मना हा फडका नको."

मी सोमवारी तेल कढवलं. बुधवारी सकाळी तिने बाटली कमरेला खोचली. "आज पाटी लवकर रिकामी झाली तर घरी जाऊन आंघोळ करून लावतंय," म्हणाली आणि गेली.

दुपारी माझे दंड चुरचुरायला लागले. बाही वर केली तर लाल चट्टे, त्यावर मोहरीएवढे फोड. गाळून उरलेला चोथा मी टाकत नाही, दंडांना चोळते. सोमवारीही चोळला होता. पण असं कधी झालं नव्हतं. मग खलाकडे नजर गेली. टाचांच्या भेगांसाठी मनोरच्या बाजारातून बिब्बे आणले होते, ते रविवारी त्याच खलात फोडले होते. खल नुसता फडक्याने पुसला होता. बिब्ब्याचं तेल डांबरासारखं चिकट, ते दगडाच्या खाचांत राहिलं होतं. बिब्बा उतला की दंडाच्या कातडीचं हे होतं, तर औषधांनी सोललेल्या त्या डोक्याचं काय होईल?

तिला फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. चार वेळा. पायात चपला सरकवल्या आणि निघाले. लोकलने सफाळ्याला उतरले, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात घे बाबा. तो म्हणाला, "मावशी, रस्ता बघा ना!" एकेक खड्डा येत होता आणि मी मनात तिची आंघोळ मोजत होते. आता पाणी तापलं असेल. आता डोकं पुसलं असेल.

ती ओटीवर बसली होती, डोकं उघडं. बाजूला बाटली, बूच काढलेलं.

"लावलंस?"

"लावला तर! एवडी धावत कशाला आलीस, पैशे नाय दिले म्हनून?"

मी वाकून तिचं डोकं बघायला लागले.

"अगो, डोक्याला नाय! कोपराला लावला. नर्सबाय बोलली हाय, काय पन नवीन असंल तर दोन दिवस कोपराला लावून बगायचा."

तिला हाताला धरून मोरीवर नेलं, साबणाने कोपर धुतलं, पुन्हा धुतलं. धुता धुता सगळं सांगितलं. तिने हात सोडवून घेतला. हसणं गेलं होतं.

"आठ महिने वाट बगितली मी या केसांची," एवढंच म्हणाली. बाटली माझ्या हातात दिली. चहा विचारला नाही.

दोन दिवस ती आमच्या आळीत फिरकली नाही. मी खल बागेत पुरला, तेल ओतून टाकलं, आणि सकाळी नऊपासून दाराकडे कान लावून बसायचे.

शनिवारी पाटी दारात आपटली. तिने आधी कोपर पुढे केलं. रुपयाएवढा लाल डाग, मधे फोड. मला तोंड वर करवेना.

"साधा खोबरेल हाय का? काय न घातलेला?"

"आहे."

"पयला तू लाव. हितं, माज्यासमोर."

दंडांवर जागाच नव्हती. मी कानामागे लावलं. रविवारी आली आणि सोमवारीही. पाटी उतरवायची, माझा कान पुढे मुडपायची, मागे नीट बघायची आणि पाटी उचलून चालू लागायची. मी मान वाकवून उभी राहायचे. मंगळवारी कान सोडला आणि म्हणाली, "ताजा हाय." मग माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली आणि फडक्याची गाठ सोडली.