साडूंची गाडी आणि भरलेला तांब्या

लोकांना मोटारीत बसवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण मोटारीतून उतरवण्याचं काम माझ्या साडूंइतक्या निष्ठेनं कुणी केलं नसेल. त्यांनी ती लांबलचक, काळी, तुळतुळीत गाडी घेतली आणि आम्हा नातेवाइकांचं चालणं वाढलं. स्पीडब्रेकर दिसला की गाडी थांबायची. "उतरा पटापट," साडू म्हणायचे, "पोट घासतं तिचं." पोट म्हणजे गाडीचं, आमच्या पोटाची चौकशी त्यांनी कधी केली नाही. मग मी, माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको ताई, असे तिघं भर रस्त्यात उतरून कडेला उभे राहायचो. हलकी झालेली गाडी तिरपी होत, एकेक चाक जपून चढवत पलीकडं जायची आणि आम्ही मागून चालत जाऊन परत आत बसायचो. उस्मानपुऱ्यातून निघून शहराबाहेर पडेपर्यंत एवढी उठबस व्हायची की एकदा रस्त्यावरच्या एका पानवाल्यानं मला हाक मारून विचारलं, "क्या गुरुजी, बारात है क्या?"

खरं तर साडू हे गाडीघोड्याचे शौकीन वगैरे मुळीच नव्हेत. बी-बियाण्यांचं दुकान, अंगात कायम अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि चप्पल अंगठ्यानं साथ सोडेपर्यंत बदलायची नाही हा बाणा. वर्षानुवर्षं एका लुनावर फिरले. असा माणूस अचानक एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ताईंना वाटलं, कुणाची तरी राखायला आणली असेल. दारात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी. गल्लीत ती वळायचीच नाही. पुढचं तोंड आत गेलं की मागचा अर्धा भाग मेन रोडवर आणि सगळी रहदारी ठप्प! शेवटी ती दुकानाच्या गोडाऊनमध्ये उभी राहू लागली आणि साडू घरून लुनावर बसून गाडीपर्यंत जाऊ लागले.

विकताना डॉक्टर एक वाक्य बोलून गेले होते : "इथल्या रस्त्यांवर ही रोजची गाडी नाही." ते वाक्य साडूंना असं झोंबलं की विचारू नका. "रोजची नाय म्हंजे काय? गाडी हाय का पैठणी?" त्या दिवसापासून त्यांनी तिला रोजच्या कामाला जुंपलं. दळणाची गंमत सांगतो. गिरणी साडूंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्याच गल्लीत. साडू ज्वारीचा डबा लुनावर पायांत धरून गोडाऊनला न्यायचे, तिथं तो गाडीच्या डिकीत ठेवायचे, गाडी परत गल्लीच्या तोंडाशी आणायचे आणि तिथून डबा खांद्यावर घेऊन गिरणीत जायचे. दळून आणलं की हाच प्रवास उलटा. ताई म्हणायच्या, "मी डबा डोक्यावर नेला असता तर एव्हाना भाकरी जिरल्या असत्या." साडू शांतपणे कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "पण कसं आरामात झालं!"

हे सगळं आम्ही हसून सोसलं असतं. पण तांब्या! गाडीत बसलं की पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर काठोकाठ पाणी भरलेला तांब्या ठेवायचा हा त्यांचा नियम होता, आणि पुढच्या सीटवर कायम मी. "सांडायचं नाय हं गुरुजी." मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण तांब्या आणि खड्डा यांचं गणित मला कधी सुटलं नाही. पाणी सांडलं की साडू लगेच विचारायचे, "कुठं सांडलं? वळणावर का खड्ड्यात?" आणि दुखणं सापडल्यासारखी मान हलवायचे. पुढच्या वेळी बरोब्बर त्या जागी गाडी बैलगाडीपेक्षा हळू चालायची, मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. खुलताबादला एका लग्नाला मी ओल्या पँटीनं उतरलो तेव्हा दारात अत्तर लावायला उभी असलेली वडीलधारी मंडळी माझ्याकडं एकदा बघून आभाळाकडं बघू लागली. मी चिडून म्हणालो, "अहो, गिलास ठेवायला गाडीत खास जागा आहे की!" साडू म्हणाले, "त्या जागंत गिलास गच्च बसतो, गुरुजी. माणूस थोडाच असा गच्च बसतो?"

मला तेव्हा काही उमगलं नाही. उमगलं ते एका रविवारी. चहा चालू होता आणि ताईंनी विषय काढला, की ही गाडी विकून टाका. "आपण हिच्यात बसून कुठं जातच नाही. नुसतं उतरतो." आम्ही दोघांनी ताईंचीच री ओढली. साडूंनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आईला आणायचीय हिच्यात."

साडूंच्या आई सिल्लोडच्या पुढं, गावात राहायच्या, आणि त्यांना गाडी लागायची. साधी नाही, एसटीनं गावाची वेस ओलांडली की म्हातारीचे हाल सुरू. साडूंचं लग्न इथं शहरात झालं, तेव्हा आईंना फुलंब्रीला एसटीतून उतरवून परत न्यावं लागलं होतं. पोटच्या पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या. पुढं साडूंनी घर बांधलं, वास्तुशांत झाली, लेकरं झाली, पण आईंनी ते घर बघितलं नव्हतं. दर महिन्याला साडू गावी गेले की त्या विचारायच्या, "तुळस कुन्या अंगाला हाय रं? सकाळचं ऊन सैपाकघरात येतं का?" आणि हा माणूस दर महिन्याला नव्यानं सांगायचा. "डॉक्टर म्हणले व्हते," साडू आम्हाला म्हणाले, "हिच्यात पोटातलं पाणी हलत नाय. म्हणून घेतली." म्हणजे इतके दिवस माझ्या मांडीवरच्या तांब्यात साडूंची आई बसली होती.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ताई त्या ताईच. "मग आणा की दिवाळीला. पण आईंना लागली गाडी, तर तिथूनच विकायची. परत त्यांचे हाल नकोत." साडूंनी मान डोलावली.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही चौघं गावी गेलो. आई नऊवारी लुगड्यात, हातात लिंबू घेऊन तयारच होत्या. गाडीत बसण्याआधी त्यांनी पिशवीतून जुना पेपर काढून त्या गोऱ्या, मऊ सीटवर अंथरला. "पेपरावर बसलं की लागत नाय." ज्या माणसानं आम्हाला चपला झटकल्याशिवाय कधी आत घेतलं नाही, तो म्हणाला, "अजून एक टाकू का?" मी मुकाट्यानं तांब्या मांडीवर घेतला आणि निघालो. स्पीडब्रेकर आला की आम्ही तिघं उतरायचो, आई एकट्याच आत. "ही मंडळी घडीघडी उतरत्यात का रं?" त्यांनी विचारलं. "त्यांला चालायची लई आवड हाय, आई."

फुलंब्री मागं पडली तेव्हा साडूंनी मोठा श्वास सोडला. चौक्याच्या घाटात मात्र आई गप्प झाल्या. लिंबू नाकाशी, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. साडूंचं निम्मं लक्ष आरशात. घाट उतरून हर्सूलच्या अलीकडं आलो आणि समोर तो उंच स्पीडब्रेकर दिसला, ज्याला साडू लांबूनच हात जोडायचे. माझा हात सवयीनं दाराकडं गेला. "बसा," साडू हळूच म्हणाले. थांबायचं, दारं आपटायची, मग एकेक चाक चढवत गाडी झुलवायची, तर आईंची तिथंच शोभा झाली असती. त्यांनी आम्हा सगळ्यांसकट गाडी सरळ, धीमी वर घेतली. खालून असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. साडूंनी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. "काय वाजलं रं?" आईंनी विचारलं. "काय नाय. पड तू." मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "गुरुजी, सांडलं का?"

"एक थेंब नाही," मी म्हणालो. माझे मोजेसुद्धा भिजले होते.

आईंना गाडी लागली नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरून लेकाच्या हाताला धरून त्या चालत घरी आल्या, तुळशीपाशी थांबल्या, "ह्या अंगाला व्हय," म्हणाल्या. पाणी प्यायच्या आधी त्यांनी ताईंकडून मूठभर तांदूळ मागून घेतले, कुंकू लावलं, आणि पिकल्या केसांच्या त्या नवराबायकोला शेजारी उभं करून दोघांच्या डोक्यावर टाकले. "राह्यल्या व्हत्या," एवढंच बोलल्या. आम्ही सगळे रडलो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. संध्याकाळी साडूंनी धीर करून विचारलं, "कशी हाय गाडी?" आईंनी विचार करून सांगितलं, "बरी हाय. पण रोजची नाय रं ही. सणावाराची हाय." ज्या वाक्यावरून साडू शहरभर भांडले, ते वाक्य ऐकून म्हणाले, "व्हय, आई." दळण दुसऱ्या दिवसापासून लुनावर जाऊ लागलं. आणि आई त्यानंतर दर दिवाळीला आल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दिवाळीला गाडी गोडाऊनमध्ये कापड पांघरून उभी होती. मला राहवेना. घरून तांब्या भरून नेला, साडूंना म्हणालो, "चला, खुलताबादपर्यंत जाऊन येऊ." त्यांनी तांब्याकडं पाहिलं. "आता कशाला, गुरुजी?" म्हणाले, पण चावी घेतली. पहिला स्पीडब्रेकर आला. मी दाराला हात घातला तर म्हणाले, "बसा." गाडी सरळ वरून गेली, पोट खरवडलं, आणि पाणी माझ्या मांडीवर.

"सांडलं का?"

"एक थेंब नाही."

साडूंनी खिशातला रुमाल काढून माझ्याकडं केला. "खोटं बोलता," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "तवाबी खोटंच बोलले व्हते."