आहेराची सही

लातूर नवा जिल्हा झाला होता. दुष्काळानं करडई गेली आणि वडील कामाला होते ती तेलगिरणी बंद पडली. मी नांदेडहून बी.कॉम. होऊन नुकताच घरी आलो होतो. घरातला पहिला पदवीधर. ती पदवी वडिलांनी गिरणीत अकरा वर्षं पोती वाहून मला दिली, हे मी कधी विसरलो नाही.

शेवटच्या दिवशी मालकांनी प्रत्येक कामगाराला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. मुनीमजींनी कागदावर सह्या घेतल्या. लग्नात आहेर वहीत मांडतात, तसलंच काही असेल, असं समजून वडिलांनीही सही केली. घरी आणलेली नक्कल मी वाचली: ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे.’

“दादा, हा राजीनामा आहे,” मी वडिलांना म्हणालो.

“येडा का काय? टोपी घेतल्याची सही हाय ती.”

मी लातूरच्या कामगार कार्यालयात विचारलं. साहेबांनी समजावलं: ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरलेल्याला कशीही मिळते. पण मालकानं काढलं, तरच दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते. स्वतःहून सोडलं तर नाही. मी तक्रार लिहून दिली. वडील म्हणाले, “कर बाबा, तू शिकलेला हाईस.”

सुनावणीला मुनीमजी आले. वडिलांनी उठून त्यांना रामराम केला.

साहेबांनी विचारलं, “मामा, ही सही तुमचीच?”

“माझीच.”

“कुणी जबरदस्ती केली?”

“न्हाई साहेब. चहा पाजला की.”

मुनीमजी हसले. “बहात्तरच्या दुष्काळात कामाला कुणी लावलं, तेबी सांगा.”

“मालकांनीच. न्हाई कसं म्हणू?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. कागदात काय आहे ते यांना वाचून दाखवलं होतं का, एवढंच मला मुनीमजींना विचारायचं होतं. रात्रभर घोकलं होतं. पण मुनीमजी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते आणि वडील अवघडून, मान खाली घालून होते. तो प्रश्न मी विचारला नाही. साहेबांनी तक्रार निकाली काढल्याचा शेरा मारला.

ग्रॅच्युइटीचा अर्ज मी तिथंच बाकावर बसून लिहिला. ती पुढं पाच-सहा खेपांनंतर मिळाली. भरपाई गेली.

घरी, चाकूरला परतणाऱ्या गाडीत वडिलांनी विचारलं, “मी काई खोटं बोललो का रे?”

“नाही, दादा.”

“मग तू का असा बसलास?”

मी ती नक्कल घडी घालून खिशात ठेवली. ते थकले होते. थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली.