झाकणाच्या आतलं

विकायला बसून न विकण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो अमरावतीत कॉम्प्युटर विकत असे. नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. अकोटच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी बावीस वर्षं फिटर म्हणून कापसाची धूळ खाल्ली होती, तेव्हाचं 'मिस्त्री' हेच नाव पुढे चालू राहिलं. ती जिनिंग बंद पडली तशी बायको आणि दोन मुलींना घेऊन ते अमरावतीला आले आणि पंचेचाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर जोडायला शिकले. दुकान म्हणजे एका दवाखान्याच्या जिन्याखालची खोली. आत पाय ठेवला की पहिला हुकूम सुटायचा, "गज धरा." खिडकीचे लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून अंगातली वीज उतरवल्याशिवाय कोणत्याही सुट्या भागाजवळ जायला बंदी. रुईतून ठिणगी उडताना पाहिलेला माणूस तो. अंगातल्या विजेवर त्यांचा भरवसा नव्हता. एकदा त्यांनी एका बड्या सरकारी अधिकाऱ्याला असं गजांमागे उभं केलं. बाहेरून जाणाऱ्या दोघा-तिघांनी सायकली थांबवल्या आणि साहेब शेवटी आत गेले अशी बातमी संध्याकाळपर्यंत राजकमल चौकात पोचली.

गज धरून झाले की उलटतपासणी सुरू व्हायची. काम कोन्तं? बसनार किती जन? खोलीत पंखा कुठं हाये? लाइन किती वेळ जाते? उत्तरं आली नाहीत तर ते गिऱ्हाइकाला परत पाठवायचे, आणि उत्तरं आली तर बहुतेक वेळा कायमचे परत पाठवायचे. वरूडचे एक संत्र्यांचे व्यापारी एकदा जीप घेऊन आले आणि म्हणाले, "सगळ्यात मोठं मशीन द्या." मिस्त्रींनी काम विचारलं. पेट्यांची बेरीज, असं उत्तर आलं. मिस्त्रींनी त्यांना खांद्याला धरून दुकानाबाहेर नेलं, समोरचं स्टेशनरीचं दुकान दाखवलं आणि म्हणाले, "तिथं कॅल्क्युलेटर भेटते. हिरव्या बटनाचा घ्या, लाल बटनाचा दबत नाई." त्या व्यापाऱ्याने पुढे कित्येक हंगाम मिस्त्रींकडे संत्र्यांची पेटी पाठवली, पण असल्या पेट्यांवर दुकान चालत नसतं, हे त्यांच्या बायकोने मला दोनदा बोलून दाखवलं होतं.

मशीन दुरुस्तीला आलं की मिस्त्री आधी ते ऐकायचे. लाकडी मुठीचा जुना पेचकस डब्याला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जिनिंगमध्ये बेरिंग ऐकायची सवय होती ती. "पंखा बोलून राहिला," म्हणायचे, आणि खरोखरच पंखा बिघडलेला निघायचा. कधीकधी मात्र बराच वेळ ऐकून सांगायचे, "मशीन चांगलं हाये. चालवनारा थकला." दुकानात चहाला मनाई होती. त्यामुळे आम्ही त्यांचे सगळे स्नेही बाहेर कडुनिंबाखाली उभं राहून बशीतून चहा प्यायचो आणि ते उंबरठ्याच्या आत उभे राहून आमच्याशी बोलायचे.

पण त्यांची खरी खोड निराळी होती. नवं मशीन जोडून झालं की ते डब्याचं पत्र्याचं झाकण उलटं करायचे आणि आतल्या बाजूने काळ्या मार्करने लिहायचे: निवड कोणाची, काम कोणतं, कशाच्या भरवशावर घेतलं. मग झाकण लावून चार स्क्रू पिळून टाकायचे. मी एकदा विचारलं, "आत कोण वाचणार आहे, मिस्त्री? बाहेर लिहा, दुकानाचं नाव तरी होईल."

"बाहेर लेहलं का ते जाहिरात होते, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आत लेहलं का जो उद्या दुरुस्त करन, फक्त त्यालेच समजते. रोग्याची चिठ्ठी डॉक्टरनं वाचावी. गावानं काहून वाचावी?"

आता मला माझ्याकडे यावं लागेल. त्या वर्षांत वऱ्हाडातलं वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. शेतीसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असं अनेकांना वाटत होतं, तसं आमच्या छोट्या संस्थेलाही वाटलं, आणि आम्ही अकोल्यात माती तपासणीचं केंद्र काढलं. मी कार्यवाह होतो. शेतकऱ्याने पिशवीत माती आणायची, आम्ही ती तपासायची आणि नत्र, स्फुरद, पालाश किती, काय पेरा, कोणतं खत टाळा, हे मराठीत छापलेल्या एका कागदावर द्यायचं. लोक त्याला 'मातीचा कागद' म्हणत. तो पेरणीच्या आधी हातात पडला तरच उपयोगाचा. नंतर तो नुसता कागद. त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता आणि तो निवडायचं काम माझ्याकडे होतं. शिवाय तो चांगला चालला तर तिवसा, वरूड आणि अकोट इथे निघणाऱ्या केंद्रांचीही सगळी मशीनं मिस्त्रींनीच जोडायची आणि सांभाळायची, असं ठरत आलं होतं. जिन्याखालचं दुकान टिकणार की नाही, हे त्यावर होतं. मिस्त्री हे बोलले नव्हते. त्यांच्या बायकोने सांगितलं होतं.

मी गज धरले आणि म्हणालो, "मिस्त्री, सर्व्हरचा प्रोसेसर टाका. एका मशीनमध्ये दोन-दोन. माहितीपत्रक आणलंय मी."

"नमुने भरनार किती जन?"

"एकच. आमच्या टायपिस्ट बाई."

"कागद निघनार कसे?"

"एकामागून एक."

"मंग साधा घ्या. घरोघरी चालते तो. हे पाहा भाऊ, जिनिंगात तुमी चाळीस मशीनी उभ्या केल्या, पन कापूस टाकनारी बाई एकच हाये, तं एकोनचाळीस मशीनी नुसत्या हवा खातीन. तुमच्या बाईले अन् त्या प्रोग्रामले साधाच जोरात पळवन. अन् लाइन गेली का साधा बॅटरीवर घंटा-दीड घंटा काढते. तुमचा हा पहेलवान दहा मिनिटांत बॅटरी पिऊन टाकन."

"पण दोन असले म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालेल ना? काम थांबता कामा नये, मिस्त्री. पेरणी थांबत नाही."

"दोघं एकाच पाटावर बसले हायेत, भाऊसाहेब. पाट मोडला का दोघंई उपाशी. तुमाले भरवसाच पाह्यजे तं दोन साध्या मशीनी घ्या. एक टेबलावर, एक कपाटात."

त्यांचं म्हणणं मला कळलं होतं, हे इथे स्पष्ट लिहितो. पण कपाटात ठेवलेलं साधं मशीन पाहुण्यांना दाखवता येत नाही. दुसऱ्या एका संस्थेच्या कार्यवाहाने मला त्यांचा सर्व्हर दाखवला होता. दाखवताना त्याने चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. मलाही लोकांना चपला काढायला लावायच्या होत्या. मी माहितीपत्रकावर खूण करून म्हणालो, "हाच." मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुमी म्हनान तसं," आणि नेहमीसारखं नेटकं काम करून दिलं. बसवायला ते अकोल्याला आले तेव्हा पडद्यावर दोन्ही प्रोसेसरांचे आलेख दाखवून म्हणाले, "पाहा. हा राबून राहिला, अन् हा जावयासारका बसून हाये." टायपिस्ट बाई इतक्या हसल्या की मला राग आला.

मशीन उन्हाळ्यात गेलं. शेजारच्या खोलीत आम्ही माती चाळायचो. ती काळी धूळ पंख्यांत बसली, अकोल्याचं ऊन वरून बसलं, आणि मे महिन्याच्या शेवटी मदरबोर्ड, म्हणजे मिस्त्रींचा तो पाट, मोडला. साध्या मशीनचा असता तर तासाभरात मिळाला असता. सर्व्हरचा अकोल्यात नव्हता, अमरावतीत नव्हता, नागपुरातही नव्हता. मुंबईहून यायचा होता. बाहेर पिशव्यांची रांग लागलेली. मी फोन केला, आणि दुपारच्या एसटीने मिस्त्री आले. मांडीवर चादरीत गुंडाळलेला एक डबा. त्यांच्या मुली ज्यावर टायपिंग शिकत होत्या, ते घरचं साधं मशीन. मूर्तिजापूरला एक बाई त्यांना म्हणाली होती, "चाचा, पोरगं झोपलं का?" आणि त्यांनी 'हो' म्हटलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर तिलाही आधी खिडकीचे गज धरायला लावावं लागलं असतं. त्या मशीनवर आम्ही अकरा दिवस काम केलं. एकही कागद पेरणीनंतर गेला नाही.

त्यानंतर कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष निवृत्त वकील होते. त्यांनी मिस्त्रींनाही बोलावलं आणि मशीन सगळ्यांसमोर उघडायला लावलं. मिस्त्रींनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि छातीशी धरलं. लिहिलेली बाजू सदऱ्याकडे. त्यावर काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. बसवण्याच्या दिवशी ते लिहीत असताना पहिली ओळ, 'निवड: भाऊसाहेब', एवढी मी वाचली होती आणि मग फोन आला म्हणून बाहेर गेलो होतो.

"हे मशीन तुम्हीच बसवलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"बसवलं मीच."

"पंख्यात एवढी माती. ह्या जागेत हे टिकणार नाही, एवढंही कळलं नाही तुम्हाला? की महाग होतं म्हणून गळ्यात मारलं?"

मिस्त्रींनी झाकण तसंच धरून ठेवलं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "कार्यवाह, तुमचं काय म्हणणं?"

झाकण नुसतं वळवायचं होतं. त्यांनी वळवलं नाही. आणि मी म्हणालो, "तांत्रिक बाबतीत आपण मिस्त्रींवर विसंबलो होतो." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या खोटंही नव्हतं. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांनी झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि जाताना टायपिस्ट बाईंना सांगितलं, "रोज ब्रशनं धूळ झाडत जा, बेटा."

नव्या केंद्रांचं काम दुसऱ्याला गेलं. पुढल्या वर्षी जिन्याखालची खोली रिकामी झाली आणि मिस्त्री अकोटला एका दुसऱ्या जिनिंगमध्ये पुन्हा फिटर म्हणून लागले. एकदाच भेटले, अमरावतीच्या एसटी स्टँडवर. मी खांबाआड व्हायच्या आत त्यांनीच हाक मारली आणि विचारलं, "मशीन कसं हाये, भाऊसाहेब? झाडतात ना?" मी 'झाडतात' म्हणालो. गाडी आली आणि ते गेले.

गेल्या वर्षी केंद्र बंद झालं. भंगारवाला सामान उचलत असताना मी पेचकस मागून घेतला आणि ते झाकण काढलं. आत लिहिलं होतं: 'निवड: भाऊसाहेब. काम: मातीचे कागद. भरवसा: काम थांबू नये म्हनून घेतलं. मानूस नेक.'

झाकण पिशवीत घालून मी अकोटला गेलो. मिस्त्री दोन हिवाळ्यांपूर्वीच गेले होते. थोरली मुलगी तिथे उर्दू शाळेत शिकवते. तिने चहा दिला आणि मी सगळं सांगितलं. मग तिने कोपऱ्यातल्या पिवळ्या पडलेल्या डब्यावरचं कापड काढलं. एसटीत मांडीवर झोपलेलं तेच मशीन. "अजून चालू होते," ती म्हणाली. "उघडा, पाहा." आत दोन वेळचं लिहिणं होतं. वर: 'निवड: मी. काम: पोरींचं टायपिंग.' खाली दुसऱ्या शाईत: 'अकरा दिवस अकोल्याले पाहुना. खूप मान भेटला.'

मी तिच्याकडे मार्कर मागितला. माझ्या पिशवीतल्या झाकणावर, त्यांच्या ओळींखाली, लिहिलं: 'मिस्त्री नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही. विचारलं तेव्हा सांगितलं नाही.' झाकणावरचं 'काम थांबू नये' हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं चपलांचं होतं, ते इथे मागे लिहिलंच आहे.

तिने ते वाचलं आणि म्हणाली, "चाचा, आता हे कोन उघडून पाह्यनार? अब्बा असते तं गोष्ट येगळी."

ती म्हणाली ते खरं होतं. ते झाकण उघडून वाचणारा एकच माणूस होता आणि तो आता राहिला नव्हता. म्हणून हे सगळं आज मी झाकणाच्या बाहेर लिहितो आहे. बाहेर लिहिलं की जाहिरात होते, असं ते म्हणायचे. होऊ द्या. जिन्याखालच्या त्या दुकानाची एकदा तरी व्हायला हवी होती.