तालाबंदीचा जनरल मॅनेजर

फरीदाबादमध्ये अविनाश टिळेकरला लोक विनोदी कलाकार म्हणतात. ते ऐकलं की मला राग येतो. मी त्याच्याच कारखान्यात टाइमकीपर होतो. मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण तो विनोदी नव्हता.

तो टूलरूममध्ये फिटर होता. आमच्याकडे विश्वकर्मा पूजेला यंत्रं बंद असायची. प्रत्येकाने स्वतःची हत्यारं पुसून देवापुढे मांडायची, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी रीत. जनरल मॅनेजर भल्ला साहेब स्वतः हत्यारांना कुंकू लावायचे, बुंदी वाटायचे. नव्वदनंतर बाहेरचा माल येऊ लागला आणि मालकांना कारखान्यापेक्षा जमीन प्यारी झाली. एका वर्षी पूजा करून, बुंदी खाऊन आम्ही घरी गेलो; सकाळी फाटकाला टाळं. अविनाशचं व्हर्नियर, मायक्रोमीटर, वडिलांच्या कानशी, ज्यांना तिकडे ‘रेती’ म्हणतात, सगळं आत. हत्यारांशिवाय फिटरला कोण उभं करतं? मुद्दाम तोच दिवस निवडला होता. देवाला साक्षी ठेवून माणसांचे हात काढून घेतले.

अविनाश गिटार वाजवायचा, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा हरिदास ड्रम. आणखी दोघे मिळाले आणि ‘तालाबंदी’ नावाचा बँड उभा राहिला. स्टेजवर एक जण लेबर इन्स्पेक्टर व्हायचा, एक युनियनचा नेता, हरिदास चौकीदार, आणि अविनाश जनरल मॅनेजर: पांढरा रंगवलेला चेहरा, पोटाला बांधलेली उशी, गुडघ्यापर्यंत टाय. वाजवायचे मात्र कानठळ्या बसतील असं. हरिदास मला म्हणायचा, “प्रेस शॉपमधल्या माणसाला हळू येत नाही, काका.” लोक पोट धरून हसत. अविनाशला त्याचं काही नव्हतं. “एकदा त्या भल्लाला समोर बसवायचंय,” तो म्हणायचा. “त्याचा चेहरा पाहायचाय.”

कारखान्याच्या जागेवर मॉल झाला आणि उद्घाटनाला ‘तालाबंदी’लाच बोलावलं. भल्ला आता मॉलच्या कंपनीत होते. पहिल्या रांगेत, सोफ्यावर. अविनाशने मॅनेजर होऊन हत्यारांना कुंकू लावलं, बुंदी फेकली, टाळ्याला मिठी मारून गाणं म्हटलं. भल्ला सर्वांत जोरात हसले. मध्यंतरात स्टेजमागे येऊन त्यांनी अविनाशच्या खांद्यावर हात टाकला.

“कमाल है यार. बिल्कुल मैं ही लग रहा था.”

“साब, हमारे औज़ार कहाँ गए?”

“कौन से औज़ार?”

“पूजा में जो रखे थे.”

“अरे, वो तो कबाड़ में गया होगा सब.” त्यांनी उशीवर थाप मारली. “सुनो, अगले महीने बेटी की शादी का संगीत है. यही वाला आइटम करना है.”

ते गेले. अविनाश टाय काढू लागला.

“अव्या, अजून अर्धा कार्यक्रम बाकी आहे,” हरिदास म्हणाला. “संगीताचं काम हातचं घालवू नको. घरी काय सांगू?”

“मॅनेजर त्याला आवडतो, हऱ्या. आपण त्याचं मनोरंजन करत होतो.”

“मग आता काय करणार?”

“फिटर आहे मी.”

रंग पुसून, उशी टाकून, साध्या शर्टात तो स्टेजवर गेला. तेच गाणं, पण एकही नक्कल नाही. लोक सवयीने हसले. मग कुजबुजले. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे मोटू को बुलाओ.” आयोजकाने हात हलवून थांबायची खूण केली, अविनाशने पाहिलंच नाही. शेवटी आयोजकानेच माइक आणि गिटारची वीज बंद केली.

हरिदासच्या ड्रमला वीज लागत नव्हती. त्याने चौकीदाराची टोपी काढून खाली ठेवली आणि प्रेस पडावी तसे ठोके देऊ लागला. अविनाश स्टेजच्या कडेला आला आणि पहिल्या रांगेकडे बोट करून नुसत्या गळ्याने ओरडत राहिला, “मायक्रोमीटर किधर है? व्हर्नियर किधर है? मेरे बाप की रेती किधर है?”

भल्ला डावीकडे बघून हसले, उजवीकडे बघून हसले. बरोबर कोणी हसत नव्हतं. मग ते उठले, आणि त्यांचा चेहरा अविनाशने अगदी जवळून पाहिला.

संगीताचं बोलावणं आलं नाही. दुसरी बोलावणीही थांबली. अविनाश आता नोएडात एका गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या हत्यारांनी काम करतो. हरिदास अजून त्याच्यावर चिडलेला आहे, आणि दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जातो.