वरच्या चौकटी

आमच्या घराच्या मागच्या पडवीत दोन मधपेट्या आहेत. दोन्ही रिकाम्या. पेट्यांच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले आहेत, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत माश्याच नाहीत तर मुंग्या कशाला येतील? तरी ते पाणी माझी बायको आटू देत नाही. मधे काही महिने आटू दिलं होतं. ते का आटलं, ते मला माहीत होतं आणि मी गप्प होतो.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो आणि बिरवाडीला खोली घेऊन राहतो. घर पोलादपूरच्या वर, घाटाखालच्या वाडीत. सुट्टीला जातो तेवढाच. मुलगी सासरी, मुलगा मुंबईला, म्हणून घरात ती एकटी. काही वर्षांपूर्वी तालुक्याला मधमाश्या पाळायचं ट्रेनिंग होतं, त्याला ती गेली. मी हसलो होतो. मग एका सुट्टीला घरी आलो तर ती पदर डोक्याभोवती गुंडाळून ऐनाच्या ढोलीत उघडा हात घालून उभी होती आणि माश्या तिच्या मनगटावर पोळं धरावं तशा लटकल्या होत्या. एकही चावली नाही. मी लांबूनच बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असं वाटलं.

त्या माश्या पेटीत रमल्या. सकाळी चहाआधी ती पेटीला कान लावायची. कसला आवाज ऐकायची कोण जाणे, पण तोंड फिरवून मला सांगायची, "आज खुशीत हायेत." मी पडवीतच पडून असायचो. तो भुणभुणाट आणि तिचा तो आवाज, दोन्ही एकदमच ऐकू यायचं. आता बिरवाडीच्या खोलीत पंखा चालू असतो तेव्हा कधी कधी मी डोळे मिटतो. पण पंख्याचा आवाज वेगळा.

जांभळाचा मध तिने वैशाखात काढला. पेटीला दोन मजले असतात, खाली पिल्लं, वर मध. वरच्या मजल्यातल्या निम्म्या चौकटी तिने काढल्या आणि निम्म्या भरलेल्याच ठेवल्या. मी म्हटलं, एवढा मध सोडायचा? ती म्हणाली, या चौकटी त्यांच्या. पावसात फूल नसतं, तेव्हा त्या काय खातील.

कारखान्यात मी तोवर कोणी नव्हतो. वाईट नव्हे, चांगला नव्हे, हजेरीतलं एक नाव. घरच्या मधाचं मी एकदा बोलून गेलो आणि आमच्या पाळीच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "आम्हाला कधी देणार?" मी दोन बाटल्या आणतो म्हणालो. घरचा काढलेला मध तोवर वाटून संपला होता. पुढच्या आठवड्यात साहेबांनी परत विचारलं, चारचौघांत.

ज्येष्ठात ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेली तेव्हा मी पेटी उघडली. धूर कसा द्यायचा ते बघून ठाऊक होतं. वरच्या भरलेल्या चौकटी काढल्या, तिच्याच मध काढायच्या यंत्रात फिरवल्या आणि रिकाम्या परत जागच्या जागी बसवल्या. पोळ्याला धक्का लागला नाही. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मला सात ठिकाणी चावल्या. साहेबांना बाटल्या दिल्या तेव्हा ते खूश झाले. मीही झालो, हे लपवत नाही.

ती परत आली आणि दोन दिवसांत पाऊस लागला. पावसात पेटी उघडायची नसते. वर मध भरपूर आहे या भरवशावर तिने साखरेचा पाक ठेवला नाही. आषाढ सरता सरता, मी सुट्टीला घरी असताना, एका सकाळी तिने कान लावला आणि लावूनच उभी राहिली. मग झाकण काढलं. आत पोळी होती, स्वच्छ, कोरडी. माशी एकही नाही.

शेजारची काकी कुंपणावरून म्हणाली, "काय गो, त्यापण गेल्या काय मुंबईला?" वाडीत हसणं झालं. निम्मी वाडी मुंबईला, तेव्हा हसू येणारच. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "माझं काय चुकलं असंल?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी म्हणालो, "तुझं लक्ष कमी पडलं असेल."

पाच शब्द. हात धुताना बोलावे तसे बोललो आणि एस.टी. पकडून कामावर आलो.

पुढच्या माघात तिने परत माश्या आणल्या, पडक्या दगडी गडग्याच्या फटीतून. मला फार बरं वाटलं. एकदा हरलेलं माणूस परत तसाच हात घालतं, मग आपलं पापही धुऊन निघालं असं मी धरून चाललो. पण आता तिचा हात पूर्वीचा नव्हता. लक्ष कमी पडू नये म्हणून ती दिवसातून तीनदा झाकण उचलायची. पाक आहे का, मेण खाणारं पाखरू तर शिरलं नाही ना, राणी दिसते का. ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं, सारखं उघडू नका, त्या वैतागतात. तिला ते माहीत होतं. पण माझे शब्द तिला जास्त खरे वाटले. त्या माश्या चैत्रात उठून गेल्या, भर फुलोऱ्यात.

मग वाट्यांतलं पाणी आटलं.

मी फोनवर धीर द्यायचो. सोडू नको, पुन्हा कर, एकदोनदा होतंच असं. साहेब आम्हाला मीटिंगमध्ये सांगतात तसंच. ती हूं म्हणायची. मला वाटायचं, आपण चांगलं काम करतोय.

गेल्या दिवाळीनंतर घरी गेलो तर ती पेट्या धुऊन उन्हात घालत होती. जावेला देऊन टाकते म्हणाली. मी म्हटलं, का? तर हात पुढे करून दाखवला, जणू त्यावर काही लिहिलंय. "माझ्या हाताला त्या नाय टिकत."

तो हात मी ढोलीत बघितला होता. मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं. सलग नाही सांगता आलं. लग्न, बाटल्या, साहेब, यंत्र, उलटसुलट. ती फडकं हातात धरून ऐकत होती.

"सगळ्या चौकटी?" तिने विचारलं.

"सगळ्या."

"मंग उपाशी गेल्या त्या."

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फडकं पिळून आत गेली. जेवायला वाढलं, पण स्वतः माझ्यासोबत बसली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना बघितलं, पेट्या जावेकडे गेल्या नव्हत्या. घोडीवर होत्या. मी एकीला हात लावायला गेलो तर घरातून तिचा आवाज आला, "तुमी नका हात लावू."

तेव्हापासून सुट्टीला जातो, पायरीवर बसतो. ती पेट्यांना आतून जुनं मेण चोळते, वासाने एखादा थवा येईल म्हणून. माझ्याशी बोलते ते घरापुरतं. सकाळी पेटीला कान लावते, पण तोंड फिरवून काही सांगत नाही. रिकाम्या पेटीत सांगण्यासारखं काय असणार, असं मी स्वतःला समजावतो. खरं म्हणजे मला माश्यांपेक्षा त्या तोंड फिरवण्याचीच वाट आहे.

आता माघ लागलाय. काल तिचा फोन आला. आपण होऊन ती फोन करत नाही, म्हणून मी घाबरलो. म्हणाली, येताना दोन किलो साखर आणा.

"घरात नाही का?"

"घरातली घराला. ही पावसासाठी, त्यांची."

मी विचारलं, आल्या का? ती म्हणाली, नाय. आणि फोन ठेवला.

आज पाळी सुटल्यावर साखर आणली. पिशवी उंच खुंटीला टांगून ठेवली आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून.