पप्पांनी घातलेल्या वेण्या

मैत्रिणींनो, आज मी एसटीच्या आधी थांब्यावर पोचले! हसू नका, आमच्या गुंजवण्यात ही बातमी आहे.

सात वीसची गाडी चुकली की वेल्ह्याला कामावर उशीर ठरलेला. या महिन्यात तीनदा चुकली. काल साहेबांनी शेवटचं म्हणून सुनावलं. आणि रोज अडतं कुठं, तर लेकीच्या दोन वेण्यांपाशी. तव्यावर भाकरी करपते आणि माझ्या हातात कंगवा!

आज कंगवा सरळ नवऱ्याच्या हातात दिला.

"मला न्हाई येत हे," ते म्हणाले.

माझ्याआधी लेकच बोलली, "पप्पा, तुमी बैलाचं दावं करता की तीन पेडाचं. तसंच करायचं. फक्त मी बैल न्हाई, हळू ओढा."

ते लेकीच्या मागं बसले आणि केसांचे तीन पेड पाडायला लागले. मी भाकऱ्या उरकल्या, डबे भरले आणि चहा चक्क बसून प्याले. भांग घाटातल्या रस्त्यासारखा वाकडा आला होता. माझे हात शिवशिवले, पण बोट लावलं नाही.

एसटी आली तेव्हा मी थांब्यावर उभी. कंडक्टर म्हणाले, "ताई, आज लई लवकर?"

संध्याकाळी घरी आले, तर लेक अंगणात उड्या मारत होती. मी घातलेल्या वेण्या मधल्या सुट्टीतच सुटतात. पप्पांच्या दोन्ही जशाच्या तशा!

लेक तिसरीत गेली आणि हे मला आज कळलं. तुमच्या घरात "मला येत नाही" म्हणणाऱ्याला काय काय येतं, कधी बघितलंय का?