दादाची पहिली बातमी

माझा भाऊ शरद कानडे गेला, ही बातमी मला शाळा सुटल्यावर कळली, आणि ती शाळा सुटल्यावरच कळावी अशी व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती. सकाळी छातीत दुखायला लागलं, तेव्हा कोलार रोडच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या सक्सेनाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना 'जरा काम है' एवढंच सांगून तो खाली उतरला, रिक्षा केली आणि एकटा हॉस्पिटलात गेला. तिथल्या नर्सने विचारलं, घरचं कोणी आहे का? तर म्हणाला, "बहन है, बाग सेवनिया में रहती है. पर अभी क्लास में होगी. छुट्टी के बाद फोन कीजिए." नर्स बिचारी आज्ञाधारक. तिने शाळा सुटल्यावर फोन केला. मी दहावीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते तेव्हा तो गेलेला होता... आता यावर कोणाशी भांडायचं? महिना उलटून गेला, भेटायला येणारे म्हणतात, किती विचारी माणूस. मला अजून रागच येतो.

असा राग त्याने मला लहानपणापासून आणला. आम्ही पिपलानीच्या वसाहतीत वाढलो. बाबा कारखान्यात फोरमन होते, नागपूरहून इकडे हिंदी मुलखात आलेले. वसाहतीत मुलांची आयुष्यं ठरलेली असत. शिकायचं, परीक्षा द्यायची, बापाच्या कारखान्यात लागायचं, मग आपल्या नावावर क्वार्टर. दादा बी.एस्सी. झाला, परीक्षाही पास झाला, क्लार्कच्या जागेचं बोलावणं आलं. आईने शेजारी पेढे वाटले. आणि रुजू व्हायच्या दिवशी हा सिटी बसने शहरात गेला तो थेट एका हिंदी दैनिकाच्या कचेरीत. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मी पत्रकार झालो."

बाबा ओरडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तिथे क्वार्टर देतात का?"

"नाही."

"मग राहणार कुठे?"

"इथेच," दादा म्हणाला. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पहिले काही दिवस त्याला इतरांच्या बातम्यांची मुद्रितं तपासायला बसवलं. मग शहर पान बघणारे तिवारीजी म्हणून होते, ते त्याला म्हणाले, "पिपलानी में रहते हो ना? तो वहीं से कुछ लाओ." नेमकं त्याच सुमारास वसाहतीच्या प्रशासनाने सूचना लावली होती, की क्वार्टरांच्या मागे लोकांनी विनापरवाना जे काही उभं केलंय ते काढून टाका. उभं कोणी केलं नव्हतं? कोणाचा गोठा, कोणाची स्कूटरची शेड, कोणी चक्क एक खोली वाढवून भाचा ठेवलेला. आमच्याही मागे टिनाची शेड होती. बाबांनी रजा घेऊन स्वतः बांधलेली. तिच्यात माझं टेबल होतं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अभ्यासाला दुसरी जागा नव्हती आणि माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली होती.

दादा गल्लीगल्लीतून फिरला. कोणी कबूल करेना. कोणी म्हणे आमचा गोठा आधीपासूनच होता, कोणी म्हणे ही शेड आमची नाहीच. शेवटी तो घरी आला. बाबा पहिली पाळी करून आले होते, पायातले मोजे काढत होते. दादा समोर स्टूल ओढून बसला.

"बाबा, मागच्या शेडबद्दल तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं काय असणार? सगळ्यांची आहे तशी आपली आहे."

"ती परवानगीशिवाय बांधलीय, हे तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी हातातला मोजा तसाच धरून ठेवला. दादा थांबला होता, अगदी परक्या माणसासमोर थांबावं तसा. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता बाबा याला उठवतील. पण ते म्हणाले, "होतं."

"हे छापू का?"

"छाप," बाबा म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. आईला हिंदी भराभर वाचता येत नसे, म्हणून मला मोठ्याने वाचावं लागलं. फोरमन विनायक कानडे, जो इस संवाददाता के पिता हैं, ने स्वीकार किया कि... पुढचं मला वाचवेना. आई म्हणाली, "वाच की." संबंध बातमीत नाव असलेला माणूस एकच, आमचा बाप.

मी दादाला अंगणात गाठलं. "तू ना दादा, हद करतोस. दुसऱ्या कोणाचं नाव घालता आलं नसतं?"

"दुसरं कोणी खरं बोललंच नाही," तो म्हणाला.

"मग बातमीच नव्हती द्यायची."

"शेडी आहेत, तर बातमी आहे, सुमे." एवढं बोलून हा हात धुवायला गेला. त्याच्याशी भांडताना हीच अडचण. भांडण अर्ध्यात टाकून तो पुढच्या कामाला लागत असे आणि आपण तिथेच उभे.

बाबांकडे लेखी खुलासा मागितला गेला. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस, एवढ्या नोकरीत कधी खुलासा दिला नव्हता. त्यांनी बातमीचं कात्रण जोडून 'यात छापले आहे ते बरोबर आहे' असं लिहून दिलं. रविवारी शिडी लावून शेड स्वतःच्या हाताने उतरवायला घेतली. दादा पत्रा धरायला गेला, तर म्हणाले, "तू नको. तू बातमी कर." मी त्या वर्षीचा अभ्यास स्वयंपाकघरात केला, कुकरच्या शिट्ट्यांत. मला गणितात जे मार्क पडले त्यांचा दोष मी आजही दादालाच देते.

खरं दुखलं ते वेगळंच. गल्लीतले लोक आमच्याकडे येईनासे झाले. बाबा दिसले की गप्पा थांबत. बाबा दादाशी बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर आईला सांगत, त्याच्या समोरच. दादा ताटावर मान खाली घालून जेवे. त्या दिवसांत तो बारीक झाला, पण नोकरी सोडतो म्हणाला नाही आणि माफीही मागितली नाही. मला वाटायचं, नुसतं 'चुकलो' म्हण, खोटं का होईना. पण तेच त्याला जमत नव्हतं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर प्रसाद वाटत होते. मागच्या गल्लीतले कुलकर्णी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कानडे, चिरंजीवांना आवरा. उद्या आमच्या स्वयंपाकघरात शिरतील."

हॉलमध्ये हसले सगळे. बाबांनी हातातला प्रसाद खाऊन संपवला. मग म्हणाले, "शिरेल तो. पण तुम्ही जे बोलाल तेच छापेल. माझं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही त्याने."

दादा मागे चपलांपाशी उभा होता. त्याने ते ऐकलं आणि एकदम वळून बाहेर गेला. मी त्याला रडताना पाहिलेलं ते एकदाच. घरी परतताना बाबा त्याच्याशी बोलले, काय तर, "उद्या बस मिळत नसेल तर स्कूटर ने." तोवर नागपूरचं मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे एक दिवस शिळं येत असे, बाबा तेच वाचत. पुढच्या महिन्यापासून दादाचं हिंदीही सुरू झालं. फक्त शहर पान वाचून ते घडी घालून ठेवून देत.

एवढ्या सुरुवातीनंतर माणूस मोठा संपादक वगैरे व्हावा. आमचा दादा झाला नाही. ज्याच्या हाताखाली काम करे त्यालाही तो 'आपका क्या कहना है' विचारायचा, मग दैनिक बदलावं लागे. लग्न राहूनच गेलं. मी कितीदा कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणे, "तू शाळेत शिकवतेस ना, मग तुला कळायला पाहिजे." काय कळायला पाहिजे, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावरही त्याचा फोन रोज संध्याकाळी येई. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. थेट, "तुमच्याकडे आज नळाला पाणी आलं का?" मी म्हणायची, आलं असेल. "असेल नको, सुमे. बघून सांग." मग हातातलं काम टाकून मी मागच्या मोरीत जायची, नळ सोडायची आणि येऊन सांगायची. त्या माहितीचं तो आता काय करणार होता, देव जाणे. कधी विचारलं तर म्हणे, माहीत असावं.

आता फोन येत नाही. तरी संध्याकाळी कणीक मळता मळता मी उठते, पिठाच्या हातानेच मोरीत जाते आणि नळ सोडून बघते. काल धार बारीक होती. पण पाणी आलं होतं.